फुकटचा रकाना

गेले तीन शनिवार काही लिहिणं झालं नाही. कारण तिन्ही शनिवार ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये गेले. बाहेर मस्त पाऊस, आणि मी आत १८ डिग्रीच्या एसीत स्वेटर घालून बसलेलो! असो.

तर झालं असं, की आमच्या मॅनेजरसाहेबांनी एक एक्सेल शीट पाठवली. कंपनीचं नेटवर्क आतून तपासायचं आहे, त्यासाठी कोणतं टूल बरं? रकाने त्यांनीच आखून दिले होते. टूलचं नाव, काय करतं, शिकायला किती वेळ लागेल आणि किंमत. 'किंमत'च्या डोक्यावर पिवळा रंग मारला होता, यातच काय ते समजा. वर तोंडी सूचना, "शक्यतो ओपन सोर्सच बघ रे."

मी तासाभरात शीट भरून टाकली. एनमॅप, फुकट. वायरशार्क, फुकट. ओपनव्हास, फुकट. मेटास्प्लॉइट, फुकट. नेससपाशी मात्र अडखळलो. मी नेसस कायम विकतचंच पाहिलेलं. पण एका सीनियरने जाताना दिलेल्या जुन्या पुस्तकात चक्क लिहिलंय की नेसस मुक्त आहे, सोर्स कोड उतरवून घ्या आणि वापरा. एकाच टूलच्या किमतीची दोन उत्तरं? मग खणायला बसलो आणि एका रकान्यासाठी तीस वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच आज सांगतो.

आधी थोडक्यात, ही टूल्स करतात काय? आपला जुना पुणेरी वाडा डोळ्यांसमोर आणा. मोठा दरवाजा बंद, त्यात छोटा दिंडी दरवाजा, मागे परसातलं दार, माडीच्या खिडक्या. एनमॅप वाड्याभोवती फिरून कुठली दारं उघडी आहेत ते सांगतं. नेसस किंवा ओपनव्हास प्रत्येक दाराची कडी तपासून म्हणतं, "या बनावटीची कडी हलवली की निखळते." मेटास्प्लॉइट ती कडी खरोखर काढून आत जाऊन दाखवतं. आणि वायरशार्क ओट्यावर गप्प बसून कोण आलं, कोण गेलं, काय बोललं ते ऐकत राहतं. वाड्याच्या मालकाने हे सगळं स्वतःहून करून बघणं म्हणजे पेनिट्रेशन टेस्टिंग.

सैतान आला रे

मालकाने स्वतःच्याच घरावर चोरासारखी नजर टाकावी, ही कल्पना एके काळी भलतीच आगाऊ वाटायची. डॅन फार्मर आणि वीत्स्ये वेनेमा या दोघांनी १९९३ साली एक निबंध लिहिला. स्वतःच्या सिस्टिममध्ये घुसून बघा आणि तिची सुरक्षा सुधारा, असा त्याचा सरळ मुद्दा. पुढे ५ एप्रिल १९९५ला त्यांनी त्याच विचाराचं टूल इंटरनेटवर मोकळं सोडलं. नाव ठेवलं 'सेटन', म्हणजे सैतान! तेव्हा माझा जन्मही व्हायचा होता.

आज पाहिलं तर सेटन अगदी साधं. पर्लमधले प्रोग्रॅम, वापरायला ब्राउझर, आणि तपासणी कसली, तर तेव्हा सगळ्यांना माहीत असलेल्या चुकांची. पण गहजब केवढा! चोरांच्या हातात किल्ल्या दिल्या, आता इंटरनेट बुडणार, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं. फार्मरची सिलिकॉन ग्राफिक्समधली नोकरी या प्रकरणात गेली. नावाचाच त्रास होणाऱ्यांसाठी पॅकेजमध्ये 'रिपेंट' नावाची एक छोटी स्क्रिप्ट ठेवली होती. ती चालवली की 'सेटन'चं 'सॅन्टा' व्हायचं :-)

इंटरनेट काही बुडलं नाही. मात्र तेव्हा सुरू झालेला वाद अजून संपलेला नाही. हत्यार सगळ्यांना दिलं तर चोरालाही मिळतं, आणि लपवून ठेवलं तर ते फक्त चोराकडेच असतं. यातलं काय परवडतं?

दोन हजार ओळींचा एनमॅप

१ सप्टेंबर १९९७ला 'फ्रॅक' या हॅकर मंडळींच्या ई-मासिकाच्या ५१व्या अंकात पोर्ट स्कॅनिंगवर एक लेख आला. लेखकाचं टोपणनाव फ्योदोर (दस्तयेव्हस्कीवरून घेतलेलं), खरं नाव गॉर्डन लायन. लेखासोबत सुमारे दोन हजार ओळींचा कोड होता. तोच पहिला एनमॅप.

त्यातली सिन स्कॅनची युक्ती आजही शिकवली जाते. दोन मशीन्सना बोलायचं असेल तर आधी एक म्हणतं "येऊ का?", दुसरं म्हणतं "ये", मग पहिलं म्हणतं "आलो". एनमॅप "येऊ का?" विचारतं, "ये" ऐकलं की दार उघडं असल्याची नोंद करतं, आणि आत न जाताच पुढच्या दाराकडे वळतं. १९९८च्या अखेरीस त्यात आणखी एक करामत आली. समोरच्या मशीनच्या उत्तरांच्या लकबींवरून तिथे कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे हे ते ओळखायला लागलं. २००३च्या 'मेट्रिक्स रीलोडेड'मध्ये ट्रिनिटी वीज केंद्राच्या कॉम्प्युटरवर जे टूल चालवते ते हेच. सिनेमात खरंखुरं टूल दिसल्यावर जगभरच्या सिस्टिम ॲडमिन मंडळींनी थिएटरात शिट्ट्या मारल्या असतील!

एनमॅप अजूनही जिवंत आहे आणि लायन अजूनही ते सांभाळतो. ज्या कंपन्यांना ते आपल्या प्रॉडक्टमध्ये घालून विकायचं आहे, त्यांच्याकडून तो लायसन्सचे पैसे घेतो. तुम्हाआम्हाला वापरायला ते मोकळं आहे. ही व्यवस्था नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नेससची गोष्ट

माझ्या शीटचा खरा घोळ इथे आहे.

१९९८ साली रनो देरेझों या फ्रेंच पोराने नेसस लिहिलं आणि जीपीएल लायसन्सखाली सोडलं. पोराने म्हणतो, कारण तो तेव्हा विशीतही नव्हता. कल्पना झकास होती. स्कॅन करणारं इंजिन एक, आणि प्रत्येक कमकुवत जागेसाठी वेगळा छोटा प्लगिन. प्लगिन लिहायला 'नॅसल' नावाची खास भाषा. नवी त्रुटी जाहीर झाली, की कुणीही नवा प्लगिन लिहावा, इंजिनला हात लावायची गरज नाही. बघता बघता नेसस जगभरच्या कंपन्यांमध्ये पोचलं. २००२मध्ये देरेझों आणि सोबत्यांनी त्याभोवती टेनेबल ही कंपनी काढली.

आणि ऑक्टोबर २००५मध्ये जाहीर केलं की नेससची तिसरी आवृत्ती बंद सोर्सची असेल. दुसरी आवृत्ती जीपीएलखाली राहील, पण नवं काम तिसऱ्यावर.

लोक चिडले, विश्वासघात वगैरे शब्द निघाले. पण कारण काय दिलं होतं? देरेझोंचं म्हणणं असं, की सहा वर्षांत स्कॅनिंग इंजिन सुधारायला बाहेरून जवळपास कुणीही काही दिलं नाही. उलट प्रतिस्पर्धी कंपन्या त्याचाच कोड घेऊन, स्वतःचं लेबल लावून त्याच्याच विरोधात विकत होत्या.

हे वाचलं आणि मला माझी शीट आठवली. 'फुकट', 'फुकट', 'फुकट'.

गंमत म्हणजे तिसरं नेसस सुरुवातीला फुकटच होतं! उतरवून घ्या, वापरा, पैसे नकोत. फक्त कोड बघायचा नाही. आपल्या मराठीत यासाठी दोन स्वच्छ शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. २००५ साली नेसस फुकट राहिलं, पण मुक्त राहिलं नाही. बहुतेकांना त्या दिवशी काही फरक जाणवला नसेल. २००८मध्ये ऑफिसच्या कामासाठी प्लगिनचे अपडेट हवे असतील तर पैसे भरा असा नियम आला, तेव्हा जाणवला. मुक्त गेलं की फुकटही मालकाच्या मर्जीवर उरतं.

जीपीएलचा उपयोग काय, हेही तेव्हाच दिसलं. दुसऱ्या आवृत्तीचा कोड मोकळा होता, तो कुणालाच परत घेता येणार नव्हता. काही मंडळींनी तो उचलला, आधी 'ग्नेसस' म्हटलं, मग 'ओपनव्हास'. पुढे जर्मनीतल्या ओस्नाब्रुकच्या ग्रीनबोन या कंपनीने २००८पासून त्याची जबाबदारी घेतली. आज ते त्यांच्या मोठ्या संचाचा भाग आहे. तपासण्यांची एक यादी सगळ्यांना मोफत मिळते आणि एक जास्त भरगच्च यादी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांना. म्हणजे इथेही कुणीतरी पैसे भरतंच आहे.

मेटास्प्लॉइटचं का नाही झालं?

२००३ साली एच. डी. मूरने मेटास्प्लॉइट सुरू केलं, पर्लमध्ये. त्याआधी एखादी त्रुटी खरी आहे का हे सिद्ध करायचं, तर कुठूनतरी सी भाषेतला प्रोग्रॅम उतरवायचा, तो कंपाइल होईना म्हणून डोकं फोडायचं, आणि त्यानेच आपल्या मशीनमध्ये काही सोडलं नसेल ना म्हणून देवाचं नाव घ्यायचं. मूरने आत शिरण्याची युक्ती आणि आत गेल्यावर करायचं काम हे दोन भाग वेगळे केले. कुठलीही युक्ती, कुठलंही काम, जोडा आणि चालवा. २००७ची तिसरी आवृत्ती सगळी रूबीमध्ये नव्याने लिहिली.

ऑक्टोबर २००९मध्ये रॅपिड७ने मेटास्प्लॉइट विकत घेतलं. नेससचा अनुभव ताजा होता, तेव्हा इथेही तेच होणार असं अनेकांना वाटलं असणार. पण फ्रेमवर्क आजही बीएसडी लायसन्सखाली मोकळं आहे आणि बाहेरचे लोक त्यात मोड्यूल टाकत असतात. कंपनीने विकायला वेगळी 'प्रो' आवृत्ती केली.

असं का झालं असावं? माझा आपला अंदाज सांगतो. मेटास्प्लॉइटचं मोड्यूल लिहिलं की त्यावर तुमचं नाव येतं, चारचौघांत भाव वाढतो. त्यामुळे लोक लिहितात. आणि हे असं लिहिणं थांबलं तर टूलच शिळं होतं, हे विकत घेणाऱ्यालाही कळतं. उलट स्कॅनिंग इंजिन म्हणजे इमारतीची पाण्याची टाकी. पाणी सगळ्यांना हवं, पण टाकी धुवायला कोण चढणार? नेससची टाकी एकाच माणसाने धुतली, आणि शेवटी त्याने गच्चीला कुलूप लावलं. २००५मधल्या त्या बातमीनंतर एनमॅपच्या लायनने आपण जीपीएलवरच राहणार असं सांगितलं आणि लोकांना हातभार लावायचं आवाहन केलं. त्याच वर्षी त्याने गूगलच्या समर ऑफ कोडमध्ये विद्यार्थ्यांना कामाला घेतलं. आज एनमॅपची खिडक्यांवाली झेनमॅप आणि लुआमध्ये स्क्रिप्ट लिहायची सोय, दोन्हींची मुळं समर ऑफ कोडच्या विद्यार्थ्यांच्या कामात आहेत. त्याने टाकी धुवायला माणसं आधीच शोधली होती.

२०१७चा उन्हाळा

१९९५चा वाद संपला नाही असं म्हणालो, त्याचं उदाहरण. १४ मार्च २०१७ला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका त्रुटीचा पॅच दिला. १४ एप्रिलला त्या त्रुटीवर चालणारं, अमेरिकन गुप्तहेर संस्थेकडून फुटलेलं 'इटर्नलब्लू' उघड झालं. १२ मेला वॉनाक्राय आला. त्याच महिन्यात मेटास्प्लॉइटमध्येही इटर्नलब्लूचं मोड्यूल आलं. म्हणजे चोराला आणखी एक किल्ली? हो, तसंही म्हणता येईल. पण पॅच न केलेली मशीन्स कुठली, हे शेकडो पीसींमधून शोधायला ॲडमिन लोकांनी वापरल्या त्याही एनमॅपच्या स्क्रिप्ट आणि मेटास्प्लॉइटचे स्कॅनरच. त्यानंतर २७ जूनला नॉटपेट्या आला, मर्स्क या जहाज कंपनीचं कामकाज कोलमडलं, आणि इथे आपल्या न्हावाशेव्याला जेएनपीटीत तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. पॅच येऊन तोवर तीन महिने उलटले होते. कुठल्या मशीनवर तो लागलेला नाही, हे वेळीच कळणं म्हणजे काय, ते यावरून समजतं.

आता माझे तीन शनिवार

शीट नुसती ऐकीव माहितीवर कशाला भरा, म्हणून सगळी टूल्स आमच्याच नेटवर्कवर चालवायचं ठरलं. सुरू करण्याआधी मॅनेजर आणि आयटी हेड, दोघांच्या सहीचं पत्र घेतलं. कुठले ॲड्रेस, कुठल्या वेळेत, कुठली टूल्स. हे नाटक नाही हं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं आपल्या आयटी कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांत बसतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. टूल मोकळं आहे म्हणून दारही मोकळं आहे असं होत नाही.

पहिला शनिवार, एनमॅप. आमच्या यादीत मशीन्स २१२, एनमॅपला दिसली २३१! जास्तीच्या १९मध्ये प्रिंटर, मीटिंग रूमचा टीव्ही, हजेरीची बोटं लावायची मशीन्स, आणि पोर्ट ८०८०वर टॉमकॅट चालवणारा एक अनोळखी सर्व्हर. त्याच दिवशी एक आगाऊपणा केला. काही प्रिंटर ९१०० पोर्टवर जे येईल ते छापतात, म्हणून एनमॅप सखोल चौकशीत तो पोर्ट मुद्दाम सोडून देतं. मी शहाणपणाने ती सूट काढून टाकली. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरने अगम्य अक्षरांची पानं ओकायला सुरुवात केली. सिक्युरिटीचे काका घाबरून वर आले.

दुसरा शनिवार, ओपनव्हास. सेटअपलाच अर्धा दिवस गेला, तपासण्यांची यादी उतरवायलाच कितीतरी वेळ लागतो. पण रिपोर्ट भरपूर. त्या अनोळखी सर्व्हरवर लाल खूण, टॉमकॅटच्या ॲडमिन पानाचा पासवर्ड इन्स्टॉल करताना ठेवलेलाच आहे. रिपोर्टमध्ये काही उगाचच्या भीतीही होत्या. जुना व्हर्जन नंबर दिसला की ओरडायचं, पॅच वरून लावलेला असला तरी. म्हणून लाल खूण खरी की खोटी हे बघायला तिसरं टूल लागतं.

तिसरा शनिवार, मेटास्प्लॉइट. टॉमकॅटचं मोड्यूल निवडलं, ॲड्रेस दिला, चालवलं. मिनिटभरात मी आत. होम फोल्डर उघडला आणि पोटात गोळा आला. युजरचं नाव माझं होतं.

तीन वर्षांपूर्वी एका डेमोसाठी मीच तो सर्व्हर उभा केला होता. डेमो झाला, टाळ्या झाल्या, बंद करायचं राहून गेलं. आणि त्यात एका फाइलमध्ये खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड, अजूनही चालणारा!

रात्रीचे साडेआठ. खोलीत मी एकटा. यादीत तो सर्व्हर नव्हताच, वायर काढली असती तर कुणाला कळलंही नसतं. पाच मिनिटं खरंच विचार करत बसलो, खोटं कशाला सांगू? मग वायर काढली, पण फोटो आणि लॉग ठेवून. मॅनेजरना फोन करून पासवर्ड बदलून घेतला आणि रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर लिहिलं, 'हा सर्व्हर मी लावला होता.' सोमवारी जे ऐकायचं ते ऐकलं. शेवटी साहेब एवढंच म्हणाले, "दुसऱ्याला सापडला असता तर?"

शीट अशी झाली. रोजच्या मोजणीला एनमॅप. महिन्यातून एकदा ओपनव्हास, पण निकाल बघायला माणूस हवा. मेटास्प्लॉइट फक्त शंका खरी आहे का ते बघायला, आणि दर वेळी लेखी परवानगीने. वायरशार्क अडलं की. यातलं एक दुसऱ्याची जागा घेत नाही, त्या टॉमकॅटने ते चांगलंच शिकवलं.

राहिला किमतीचा रकाना. 'फुकट' खोडलं आणि लिहिलं, 'कोण सांभाळतं, कशाच्या जोरावर, आणि आपण काय देणार.' शेवटच्या भागात महिन्याचे चार तास मागितलेत. बग कळवायला, तपासण्या लिहायला, जे जमेल ते. साहेब म्हणाले, "अरे, यात आकडा कुठाय?" मी म्हटलं, "सर, चार." ते म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच.

तोवर एक काम मात्र झालं. हजेरीच्या त्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम एनमॅपला ओळखता आली नव्हती. अशा वेळी ते स्क्रीनवर आकड्याअक्षरांचा एक मोठा ठोकळा छापतं आणि विनंती करतं, की मशीन कुठलं आहे हे तुम्हाला माहीत असेल तर हा ठसा आम्हाला पाठवा. हा ठोकळा मी कॉलेजपासून शेकडो वेळा पाहिलाय आणि दर वेळी वर स्क्रोल केलंय. या वेळी मशीन उलटं करून मागचं लेबल वाचलं, साहेबांना विचारलं, आणि कालच ठसा पाठवून दिला.

चला, चहा झालाय. भेटू पुढच्या शनिवारी, या वेळी नक्की!